व्यावसायिक डॉक्टरेटचा प्रबंध निर्णयाच्या जागी न्या : सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विद्याशाखांचे अधिष्ठाते, अभ्यास मंडळांचे सदस्य आणि व्यावसायिक डॉक्टरेटचे परीक्षक यांस,

स. न. वि. वि.

डॉक्टर ऑफ पब्लिक हेल्थ, म्हणजेच डीआरपीएच ही पदवी ज्यांच्या हाती आरोग्य यंत्रणेतले निर्णय आहेत किंवा लवकरच येणार आहेत त्यांच्यासाठी आहे, असे आपल्या माहितीपुस्तिका सांगतात. प्रवेश देताना आपण उमेदवाराच्या सेवेतील अनुभवाला महत्त्व देता, मुलाखतीत त्याने हाताळलेल्या साथींविषयी आणि मोहिमांविषयी विचारता, पहिल्या वर्षी त्याला धोरणविश्लेषण, आरोग्यवित्त आणि मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवता. इथपर्यंत सारे ठीक चालते. प्रबंधाची वेळ आली की मात्र याच अनुभवी माणसाला आपण एखाद्या अरुंद, सुरक्षित प्रश्नाकडे वळवतो. तो एक सर्वेक्षण करतो, गृहीतके तपासतो, तीन शोधनिबंध एकत्र बांधतो आणि पदवी घेऊन आपल्या कार्यालयात परततो. त्या कार्यालयातले कोणीही तो प्रबंध वाचत नाही, कारण तिथल्या कोणाच्याही कामाशी त्याचा संबंध नसतो.

सार्वजनिक आरोग्य सेवेत अनेक वर्षे काम करताना अशा उमेदवारांची कार्यक्षेत्रातील मार्गदर्शक म्हणून मी जबाबदारी घेतली आहे आणि काहींच्या मौखिक परीक्षांना उपस्थितही राहिले आहे. त्या अनुभवातून आपल्यापुढे एक मागणी ठेवते आहे. डीआरपीएचचा प्रबंध हा उमेदवाराच्या यंत्रणेतील एखाद्या खऱ्या निर्णयाभोवती उभा राहावा, आणि त्याचे मूल्यमापनही तो निर्णय समजून घेण्याच्या, घडवण्याच्या व तपासण्याच्या कसोटीवर व्हावे.

हा वाद नवा नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण कसे असावे याचा आराखडा १९१५ मध्ये विकृतिशास्त्राचे प्राध्यापक विल्यम वेल्च आणि रॉकफेलर फाउंडेशनचे सार्वजनिक आरोग्य प्रशासक विक्लिफ रोझ यांच्या नावे मांडला गेला, तेव्हाच त्यात दोन ओढी होत्या. रोझ यांच्या डोळ्यांसमोर प्रत्यक्ष सेवेसाठी अधिकारी घडवणारी, क्षेत्रीय कामाशी बांधलेली शिक्षणव्यवस्था होती, तर वेल्च यांना जर्मन धर्तीची, विज्ञान संशोधनावर उभी असलेली संस्था हवी होती. पुढच्याच वर्षी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याची जी शाळा स्थापन झाली, तिच्यात वेल्च यांच्या कल्पनेचे पारडे जड राहिले आणि पुढे अनेक देशांतील संस्थांनी तोच नमुना समोर ठेवला. त्या संस्थांनी विज्ञानाला जे दिले त्याबद्दल कोणाला शंका नाही. पण १९८८ मध्ये अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने सार्वजनिक आरोग्याच्या भवितव्यावर अहवाल दिला, तेव्हा या शाळा प्रत्यक्ष सेवेपासून दुरावल्याची नोंद त्यात करावी लागली. डीआरपीएचचा प्रबंध आजही वेल्च यांच्या बाजूला झुकलेला आहे आणि या पदवीपुरता तो रोझ यांच्या बाजूला आणणे ही आपली जबाबदारी आहे.

माझ्या म्हणण्याचा अर्थ एका उदाहरणाने स्पष्ट करते. लसीकरणाचे अहवाल ज्यांनी हाताळले आहेत त्यांना शंभर टक्क्यांच्या वर गेलेले आकडे परिचयाचे आहेत. एखाद्या क्षेत्रात लस मिळालेल्या बालकांची संख्या अपेक्षित लाभार्थ्यांपेक्षा जास्त दिसते. अंशात शेजारच्या भागातून आलेली बालके मोजली गेलेली असतात, आणि छेदातील लोकसंख्या जुन्या जनगणनेवरून पुढे ढकलत आणलेली असते. स्थलांतरितांची वस्ती वाढलेली असते, पण ती कागदावर आलेली नसते. अशा क्षेत्राची जबाबदारी असलेला अधिकारी आपल्याकडे डॉक्टरेटला आला, तर आपण त्याला काय करायला सांगतो? घरोघरी नमुना पाहणी करून खरे प्रमाण काढ, प्रशासकीय आकड्याशी त्याची तुलना कर आणि फरकाचे कारक घटक शोध. हे काम उपयोगी आहे, पण त्यासाठी डॉक्टरेट घेणारा आरोग्यप्रमुख लागत नाही. पाहणीची रीत ठरलेली आहे आणि ती कोणताही चांगला प्रशिक्षित संशोधक करू शकतो.

त्या अधिकाऱ्याचा खरा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. पाहणीनंतर खरे प्रमाण बरेच खाली असल्याचे त्याच्या हाती येते आणि आढावा बैठक तोंडावर असते. आकडा दुरुस्त केला तर त्याचे क्षेत्र रातोरात यादीत तळाला जाईल, कारण शेजारच्यांनी आपला छेद दुरुस्त केलेला नाही. वरिष्ठांनी मागच्या वर्षीच्या आकड्यावर बाहेर आश्वासने दिलेली आहेत. निधीचे वाटप कामगिरीशी जोडलेले आहे. ज्या परिचारिकांनी उन्हातान्हात फिरून लस दिली, त्यांना आपल्यावरच ठपका येणार असे वाटते. अशा वेळी नस्तीवर टिप्पणी कशी लिहायची, कोणाला आधी विश्वासात घ्यायचे, सर्व क्षेत्रांचा छेद एकाच वेळी दुरुस्त करण्याचा प्रस्ताव कोणामार्फत पुढे न्यायचा, दुरुस्तीच्या वर्षात कामगिरीची तुलना स्थगित ठेवावी हे वित्त विभागाला कसे पटवायचे? आणि हे सारे करूनही प्रस्ताव अडला तर तो नेमका कोणत्या टेबलावर आणि का अडला, हे पुराव्यानिशी कसे दाखवायचे? या प्रश्नांची शिस्तबद्ध, पद्धतशास्त्राला धरून केलेली उकल म्हणजे डीआरपीएचचा प्रबंध, असे मला वाटते. अशी उकल उपलब्ध झाली तर दुसऱ्या ठिकाणचा अधिकारी ती वाचेल, कारण उद्या त्याच्यापुढेही तीच बैठक आहे.

निर्णयांचा असा अभ्यास होऊ शकतो आणि तो अव्वल दर्जाचा असू शकतो, याचा दाखला उपलब्ध आहे. फेब्रुवारी १९७६ मध्ये अमेरिकेत फोर्ट डिक्स येथील लष्करी तळावर डुकरांमधील विषाणूशी साधर्म्य असलेला फ्लू आढळला आणि एका सैनिकाचा मृत्यू झाला. १९१८ च्या साथीची आठवण ताजी करणारी ही घटना होती. मार्चअखेर राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी संपूर्ण देशाला लस देण्याची घोषणा केली. ऑक्टोबरमध्ये मोहीम सुरू झाली, चार कोटींहून अधिक लोकांना लस टोचली गेली, आणि गियाँ-बारे या मज्जासंस्थेच्या आजाराचे रुग्ण लस घेतलेल्यांमध्ये अपेक्षेपेक्षा जास्त दिसू लागल्यावर डिसेंबरमध्ये ती थांबवावी लागली. ज्या साथीसाठी हा खटाटोप केला ती आलीच नाही. पुढे नव्या आरोग्यमंत्र्यांनी राज्यशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड न्यूस्टाट आणि वैद्यकाची पार्श्वभूमी असलेले हार्वे फाइनबर्ग यांना या निर्णयाची चिकित्सा करायला सांगितले, आणि १९७८ मध्ये त्यांनी ती सादर केली.

त्यांनी दोषी शोधत बसण्याऐवजी निर्णय कसा बांधला गेला हे उलगडून दाखवले. लस तयार करून ठेवणे आणि ती लोकांना टोचणे हे दोन वेगळे निर्णय होते. पहिला तातडीने घ्यावा लागणार होता, तर दुसरा उन्हाळा संपेपर्यंत थांबू शकत होता. दोन्ही एकाच प्रस्तावात बांधले गेल्यामुळे मधल्या महिन्यांत दुसरीकडे कोठेही साथ पसरत नसल्याचे दिसत असतानाही फेरविचाराची ठरलेली जागाच उरली नाही. तज्ज्ञांना साथीची शक्यता किती वाटते, हे आकड्यात मांडायला कोणी नीट सांगितले नव्हते, त्यामुळे ‘शक्यता आहे’ या एकाच विधानातून प्रत्येकाने आपापला अर्थ घेतला. आज एखादा आरोग्यप्रमुख मोठ्या मोहिमेचा प्रस्ताव लिहीत असेल, तर ‘कोणती माहिती हाती आली म्हणजे आपण हा निर्णय बदलू?’ हे वाक्य त्या प्रस्तावात घालण्याची शिकवण त्याला याच अभ्यासातून मिळते. प्रयोगशाळा किंवा रोगपरिस्थितीविज्ञान (रोगांच्या प्रसाराचा अभ्यास) यांतून ती मिळाली नसती. विषाणूची माहिती अचूक होती, तरीही निर्णय चुकीच्या पद्धतीने बांधला गेला होता. अशा प्रकारचा एक तरी प्रबंध आपल्या विद्याशाखेतून गेल्या काही वर्षांत बाहेर पडला आहे का, हे कृपया तपासून पाहावे.

पश्चिम आफ्रिकेतील २०१४ च्या इबोला साथीतही हेच दिसले. मृतदेहातून संसर्ग होतो हे विज्ञान आधीपासून सांगत होते, पण मृतदेह परस्पर उचलून नेणाऱ्या पथकांना लोक विरोध करत होते आणि अंत्यविधी लपूनछपून होत होते. त्या वर्षी नोव्हेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धर्मगुरूंशी आणि मानववंशशास्त्रज्ञांशी बोलून सुरक्षित व सन्मानपूर्वक दफनाची नवी कार्यपद्धती दिली, तोवर साथ पसरून कित्येक महिने झाले होते. अकरा हजारांहून अधिक माणसे त्या साथीत गेली. कुटुंबाचा सन्मान राखून दफन करण्याची पद्धत यंत्रणेत यायला इतका वेळ का लागला, हा डॉक्टरेटच्या तोडीचा प्रश्न आहे, आणि तो विचारण्यासाठी संसर्गाच्या साखळीइतकीच यंत्रणेच्या आतली उतरंड ठाऊक असावी लागते.

आपल्यापैकी काहींची हरकत माझ्या परिचयाची आहे. प्रबंध कार्यालयीन प्रश्नाभोवती फिरू लागला तर संशोधनाची काटेकोरता ढासळेल आणि वरिष्ठ पदावरील माणसाला त्याच्या सेवेचे बक्षीस म्हणून पदवी दिल्यासारखे होईल, अशी ही भीती आहे. ती मी गंभीरपणे घेते, कारण तसे घडलेलेही मी पाहिले आहे. एखाद्या योजनेची यशोगाथा, मागे चार तक्ते आणि शेवटी शिफारशी, एवढ्यावर पदवी मिळता कामा नये. पण निर्णयाच्या अभ्यासालाही स्वतःच्या कडक पद्धती आहेत. कागदपत्रांचा आणि मुलाखतींचा मेळ घालून घटनाक्रम पडताळणे, आपल्या स्पष्टीकरणाला पर्यायी स्पष्टीकरणे प्रामाणिकपणे उभी करून ती तपासणे, हितसंबंधांचे विश्लेषण, अंमलबजावणीचे संशोधन, खर्चाचा हिशेब, तुलनेसाठी दुसरे क्षेत्र निवडणे, हे सारे उमेदवाराला नीट यायला हवे. माझा अनुभव असा की प्रश्नावलीवर आधारित सर्वेक्षणापेक्षा हे काम अधिक अवघड जाते. आपल्याच विभागाच्या कागदपत्रांतून आपल्या आवडत्या समजाविरुद्धचा पुरावा शोधायला जी बौद्धिक शिस्त लागते, ती बाहेरच्या लोकांवर केलेल्या सर्वेक्षणात क्वचितच कसाला लागते.

कागदावरचे निकष तर या दिशेने आधीच सरकले आहेत. अमेरिकेत या शिक्षणाला मान्यता देणाऱ्या परिषदेने २०१६ मध्ये सुधारलेल्या निकषांत डीआरपीएचसाठी माहितीचे विश्लेषण, नेतृत्व व शासन, धोरण व कार्यक्रम, आणि मनुष्यबळाचे शिक्षण अशा चार गटांत वीस क्षमता नमूद केल्या, आणि एखाद्या संस्थेला खरोखर उपयोगी पडेल असा प्रकल्प उमेदवाराने करावा अशी अट घातली. हार्वर्डने २०१४ मध्ये आपली डीआरपीएच नेतृत्वाची पदवी म्हणून नव्याने सुरू केली. लंडनच्या स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये उमेदवाराने एखाद्या संस्थेत राहून तिच्या कारभाराचे विश्लेषण करण्याची प्रथा रुजलेली होती. एवढे असूनही अनेक ठिकाणी शेवटचा प्रबंध जुन्याच वळणावर जातो, आणि त्याचे कारण मला परीक्षक मंडळात दिसते. मार्गदर्शक आणि परीक्षक दोघेही पीएचडीच्या परंपरेत वाढलेले असतात. त्यांची स्वतःची बढती शोधनिबंधांवर ठरते, म्हणून विद्यार्थ्याकडूनही ते शोधनिबंधच मागतात. एका मौखिक परीक्षेत उमेदवार आपल्या विभागाने औषध खरेदीची पद्धत का बदलली आणि ती अर्ध्यावर का सोडली हे सांगत होता. परीक्षकांनी विचारले, ‘तुमचा नमुना किती होता?’ विभाग एकच होता. त्या उत्तरानंतर खोलीत जी अस्वस्थता पसरली तिला उमेदवार जबाबदार नव्हता. एकाच प्रकरणाचा सखोल अभ्यास कसा तपासायचा, हे परीक्षकांना कोणी सांगितलेले नव्हते.

म्हणून परीक्षक मंडळात किमान एक व्यक्ती अशी असावी जिने स्वतः आरोग्य यंत्रणा चालवली आहे, आणि तिचे मत शोभेपुरते न राहता इतर परीक्षकांइतकेच निर्णायक असावे. त्या व्यक्तीला पीएचडी नसेल तर विद्यापीठाचे नियम आड येतात, हे मला ठाऊक आहे. ते नियम बदलण्याचा अधिकार आपल्याकडेच आहे. अशा व्यक्तीला परीक्षेपूर्वी संशोधनपद्धतीची आणि विद्यापीठातील परीक्षकांना प्रकरण-अभ्यासाच्या कसोट्यांची माहिती देणारे एखादे कामकाज सत्र ठेवले, तर दोघांमधला अबोला बराच कमी होईल.

या मागणीची एक बाजू मात्र खरोखर कठीण आहे, आणि तिच्याविषयी अभ्यासक्रमाच्या कागदपत्रांत मला फारसे काही सापडत नाही. स्वतःच्या यंत्रणेचा अभ्यास करणारा उमेदवार त्या यंत्रणेचा नोकर असतो. ज्यांची मुलाखत तो घेतो त्यांपैकी काही त्याच्या हाताखालचे असतात आणि काहींच्या हाती त्याचा गोपनीय अहवाल असतो. हाताखालचा माणूस ‘नाही’ म्हणू शकतो का, हा संमतीचा प्रश्न संशोधन नीतिमत्ता समितीच्या ठरीव नमुन्यात बसत नाही. वरिष्ठांना न आवडणारे निष्कर्ष निघाले तर काय, याचे उत्तर तर कोणीच देत नाही. परिणाम असा होतो की शहाणा उमेदवार असा विषय निवडतो जिथे कोणाचेही काही बिघडत नाही, आणि आपण त्यालाच विषयाची नेमकी निवड म्हणतो.

यासाठी विद्यापीठाने उमेदवाराच्या संस्थेशी प्रवेशाच्या वेळीच लेखी करार करावा. कोणती कागदपत्रे पाहता येतील, काय गोपनीय राहील, निष्कर्षांचा मसुदा संस्थेला किती दिवस आधी दाखवला जाईल आणि संस्था त्यातल्या तथ्यांवर आक्षेप घेऊ शकेल पण निष्कर्ष बदलायला सांगू शकणार नाही, हे त्यात स्पष्ट असावे. हाताखालच्या कर्मचाऱ्यांच्या मुलाखती उमेदवाराऐवजी दुसऱ्या संशोधकाने घ्याव्यात. प्रबंधातील काही प्रकरणे ठरावीक काळ अप्रकाशित ठेवावी लागतील, ती खुशाल ठेवावीत. परीक्षकांनी ती पूर्ण वाचलेली असली की पदवीला बाधा येण्याचे कारण नाही. हाच करार उमेदवाराला अभ्यासासाठी कामातून मोकळीक देण्याविषयीही असावा. साथ आली की अभ्यास बाजूला पडतो, वर्षे लोटतात, नोंदणीची मुदत संपते आणि ज्याच्या कामाला या अभ्यासाची सर्वाधिक गरज होती तोच अधिकारी पदवीविना राहतो. साथीच्या काळात मुदत आपोआप थांबावी एवढी तरतूद करायला फारसा खर्च येत नाही.

अपयशाचे काय, हेही ठरवायला हवे. उमेदवाराने सुचवलेला बदल झाला नाही तर प्रबंध फसला, असे मानले जाऊ नये. बदल का झाला नाही याचा पुराव्यानिशी शोध लागला असेल, तर तो यशस्वी बदलाच्या वर्णनापेक्षा अधिक शिकवतो, कारण पुढच्या माणसाला नेमका कोठे जोर लावायचा ते त्यातून कळते. मात्र मूल्यमापनाच्या नियमांत हे लिहिलेले नसेल, तर कोणताही उमेदवार असा प्रबंध सादर करण्याचे धाडस करणार नाही.

प्रवेशाबाबत फारसे लिहीत नाही, पण एक गोष्ट नोंदवते. वैद्यकीय पदवीधरांच्या बरोबरीने परिचारिका, पाणीपुरवठा अभियंते, आरोग्य अर्थतज्ज्ञ, नगरप्रशासनातले अधिकारी यांना जागा मिळाल्या, तर वर्गातल्या चर्चेची पातळीच बदलते. पाण्याच्या जलवाहिनीचा निर्णय आरोग्य विभागात होत नाही, पण त्याचे रुग्ण आरोग्य विभागात येतात, आणि हे एकाच वर्गात बसलेल्या दोन विभागांच्या माणसांना एकमेकांच्या तोंडून ऐकायला मिळणे गरजेचे आहे.

ज्या उमेदवाराला अध्यापन आणि संशोधन हेच आयुष्याचे काम करायचे आहे, त्याच्यासाठी पीएचडी आहे आणि तिचा मान तसाच राहावा. दोन्ही पदव्यांचा प्रबंध एकाच साच्यातून काढण्याचा आग्रह मात्र सोडावा.

आपल्या अभ्यास मंडळाच्या पुढील बैठकीत प्रबंधाची व्याख्या, परीक्षक मंडळाची रचना, संस्थेशी करायचा लेखी करार आणि परीक्षकांना द्यायच्या मार्गदर्शक सूचना हे चार विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावेत, अशी विनंती करते. त्या सूचनांत मौखिक परीक्षेसाठी एक प्रश्न अनिवार्य करावा : या अभ्यासाचा विषय असलेला निर्णय उद्या पुन्हा तुमच्यासमोर आला, तर तुम्ही कोणती गोष्ट वेगळी कराल, आणि तसे करण्याला तुमच्या प्रबंधातला कोणता पुरावा आधार देतो? मसुदा तयार करण्यासाठी सेवेतील अनुभवी अधिकाऱ्यांना बोलावले, तर आमच्यापैकी बरेच जण वेळ काढून येतील आणि मीही येईन.

कळावे,

आपली विश्वासू,
सार्वजनिक आरोग्य सेवेतील एक अधिकारी व डॉक्टरेट उमेदवारांची कार्यक्षेत्रातील मार्गदर्शक